अहेरीजवळच्या गावातून मला आलेली उत्तरं

आमचा हा प्रवास ठरवला तो एका ॲपने, आणि घरी येऊन तीन आठवडे झाले तरी त्याबद्दल काय वाटायला हवं ते मला उमगलेलं नाही. तिकडे जायचा विचार करणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून, आणि थोडं स्वतःसाठी, घडलं तसं लिहून काढते आहे.

माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे. मागच्या वर्षी बाबा गेले. लग्नाआधी त्यांनी अहेरीच्या बाजूला जंगलातल्या एका खेड्यात तीन वर्षं मास्तरकी केली होती. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत. विचारलं तर "लांब होतं फार," एवढंच म्हणायचे. ते गेल्यावर मला ते गाव बघायची ओढ लागली.

माझा नवरा प्रकाश सगळं फोनवर ठरवणारा. त्याने सहलीचा बेत आखून देणाऱ्या एका ॲपला गावाचं नाव सांगितलं, आणि पाच मिनिटांत चार दिवसांचा कार्यक्रम तयार झाला. गावात राहायची सोयही सापडली. 'वंदनाताईंचं घर', फोटोत अंगण आणि घरामागे शुभ्र धबधबा. मी चौकशीचा निरोप पाठवला आणि जाता जाता बाबांबद्दल लिहिलं. लगेच उत्तर आलं, "तुमचे वडील आमच्या गावचे गुरुजी होते, हे वाचून फार आनंद झाला. इथली वयस्कर माणसं आजही त्यांची आठवण काढतात." मी दुकानाच्या काउंटरवर उभी होते. डोळे भरून आले. पुढचे पंधरा दिवस मी वंदनाताईंना जवळजवळ रोज लिहीत होते. बाबांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल, जे मी सख्ख्या बहिणीशीही नीट बोलले नव्हते, तेसुद्धा. उत्तरं इतकी समजूतदार यायची की मला वाटलं, तिकडे माझी एक मैत्रीण आहे.

डिसेंबरात निघालो. सांगलीहून रेल्वेने नागपूर, तिथून बसने चंद्रपूर. जेवण आणि गर्दी धरली तर पाच तास हाताशी ठेवा. सकाळी स्टँडजवळ तर्री-पोहे खाल्ले, नाकातून पाणी आलं. गाडी आदल्या दिवशीच ठरवली होती. चालक हिरामणभाऊ, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. ॲपने आखलेला रस्ता प्रकाशने त्यांना दाखवला, चंद्रपूर, कोरपना, राजुरा, अहेरी, आणि वर लिहिलेलं 'निसर्गरम्य वनमार्ग'.

"साहेब, कोरपना तं उलट्या बाजूले हाये," हिरामणभाऊ म्हणाले. "अहेरीले काऊन तिकडून जाता?"

"त्यात काहीतरी बघण्यासारखं असेल," प्रकाश म्हणाला.

त्यांनी मान डोलावली आणि गाडी वळवली. कोरपन्याला वेचणीला आलेला कापूस होता आणि मागे सिमेंट कारखान्याची धुराडी. रस्त्याकडेच्या बोंडांवर करडी भुकटी बसलेली. ॲपच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही दाट सागवनात होतो. अर्धा दिवस असा गेला. तुम्ही सरळ बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असं जा. आष्टीच्या पुढे खनिजाच्या ट्रकांनी रस्ता उखडलेला आहे, नकाशावरच्या अंतरावर विसंबू नका, वेळ दुप्पट धरा. आलापल्लीनंतर मात्र खरंच जंगल लागतं, आणि फोनची रेंज जाते.

गाव अहेरीपासून पुढे. नाव मुद्दाम देत नाही, तिथल्या माणसांना त्रास नको म्हणून. अंधार पडायच्या आत पोचलो. घर स्वच्छ सारवलेलं, अंगणात धान वाळत घातलेलं. धबधबा नव्हता. घरामागे वांग्याचं वावर आणि पलीकडे कोरडा पडत चाललेला नाला.

तिशीची एक बाई बाहेर आली. मी पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले. "वंदनाताई! शेवटी भेटलो!"

ती गोंधळून हसली. "या ना ताई, बसा. तुमी सांगलीहून येऊन राह्यले ना? बुकिंग दिसलं मले."

"बाबांना ओळखणारे ते लोक कोण? आजच भेटता येईल का?"

"कोन बाबा?"

मी फोन काढून तिलाच तिची उत्तरं दाखवली. रेंज नव्हती, पण निरोप साठलेले होते. ती ओसरीवर बसून वाचत गेली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"हे मी नाई लिहिलं ताई," ती म्हणाली. "मले रेंज अहेरीच्या बाजारात गेल्यावर भेटते. साईटवाल्यायनं विचारलं होतं, पाहुण्यायले आमीच उत्तर देऊ काय. मी हो दाबलं. मले वाटलं, खोली खाली हाये का नाई एवढंच सांगत असन." मग हळूच म्हणाली, "तुमचे वडील आजारी होते, थे बी तुमी त्याले सांगितलं?"

त्याले. मला एकदम उघड्यावर उभं असल्यासारखं झालं. राग कुणाचा करायचा तेही कळेना. धबधब्याचं विचारलं तर म्हणाली, तिने नाल्याचाच फोटो टाकला होता. 'फोटो सुंदर करा' असं बटण होतं, ते दाबलं.

जेवायला भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. खोलीचं दोघांचं भाडं जेवणासकट पंधराशे, आणि त्या जेवणासाठीसुद्धा जावं असं ते घर आहे.

सकाळी वंदनाच म्हणाली, "लालसूदादाले विचारून पाहू. सत्तरीच्या वर हायेत, इथल्याच शाळेत शिकले." लालसूदादा त्यांच्या घरासमोर मोळ्या बांधत होते. ते गोंडीत बोलत होते आणि वंदना मला मराठीत सांगत होती.

"सांगलीकडचे एक मास्तर होते का इथे? उंच?" मी विचारलं.

होते, एक लांबचे मास्तर होते. नाव आठवत नाही. त्यांची बोली कुणाला कळायची नाही. पोरांना नाल्यात पोहायला शिकवायचे.

"मग ते बाबा नव्हेत," मी प्रकाशला म्हणाले. बाबा आयुष्यात कधी पाण्यात उतरले नाहीत. कृष्णेच्या घाटावर आम्हा बहिणींना खालच्या पायरीवरसुद्धा उभं राहू देत नसत.

लालसूदादा बोलतच होते. वंदना मध्येच थांबली, मग सांगू लागली. एका पावसाळ्यात शाळा सुटायला आणि नाल्याला पूर यायला एकच गाठ पडली. दोन मुली वाहून गेल्या. मास्तरांनी उडी मारली आणि एकीला काढलं. दुसरी सापडली नाही. जी वाचली ती लालसूदादांची बहीण. महिनाभराने मास्तर कुणाला न सांगता निघून गेले.

मला कृष्णेच्या घाटाची ती खालची पायरी आठवली. मी फोनमधला बाबांचा तरुणपणीचा फोटो त्यांच्यापुढे धरला. लालसूदादांनी तो जवळ घेतला, लांब धरला आणि नकारार्थी मान हलवली. "इल्ले," म्हणाले. वंदनाने सांगायची गरज नव्हती.

गाडीपाशी प्रकाशने माझ्या हातून फोन घेऊन तो फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "तो फोटो मी ॲपमधून साफ करून घेतला होता गं. मूळचा फार फिकट होता. नाक-डोळे त्याने भरलेत." आणि गाडीत बसताना, "पण सांगलीकडचे, उंच, हे तूच त्यांच्या तोंडात घातलंस, तेही खरं."

तेही खरं होतं. चंद्रपूरपर्यंत मी तेच उलटसुलट करत राहिले. पाहुणीला बरं वाटावं म्हणून लालसूदादांनी हो म्हटलं असेल का? पण मग पुराचं कशाला सांगतील? ते मी विचारलंही नव्हतं.

घरी आल्यावर कपाटातला मूळ फोटो काढला, त्याला काहीही न करता वंदनाला पाठवला. चार दिवसांनी, बहुतेक बाजाराच्या दिवशी, तिचा आवाजी निरोप आला. "ताई, दादानं फोटो लय वेळ पाह्यला. असन म्हणते, नसन बी म्हणते. त्याची बहीण सिरोंच्याकडं दिली हाये, थे आली का दाखवतो. अन् साईटवरचं थे उत्तर देणं मी बंद केलं." तिचा खरा आवाज भरभर, जरा घोगरा आहे. उत्तरांमधला गोडवा त्यात नाही.

मला कळत नाही ते हे. 'इथली माणसं त्यांची आठवण काढतात' असं यंत्राने काहीही माहीत नसताना लिहिलं. ते लिहिलं नसतं तर मी गेलेच नसते. आणि ते कदाचित खरं निघेल.

परवा कवठ्याला काकांकडे गेले होते. बाबांचे धाकटे भाऊ, ऐंशीचे आहेत. चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, बाबांना पोहता यायचं?"

काका हसले. "दादाला? अगं, आख्ख्या गावाच्या पोरांना मळ्यातल्या विहिरीत त्यानं शिकवलं. मला पाठीवर घेऊन उडी मारायचा." मग कप खाली ठेवून म्हणाले, "चांद्याकडची ती मास्तरकी सोडून आला आणि पोहणं सुटलंच त्याचं. का, ते आम्ही कधी विचारलं नाही."