एका गावाला दोन उत्तरं

हर्षाचा मामा श्रीहरी पूर्व विदर्भातल्या वडशाला झाडीपट्टीची नाटकं बुक करतो. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम लागला की गावोगावचे लोक फोन करकरून त्याचं डोकं खातात. ब्रह्मपुरीला संगणक शिकणारी हर्षा म्हणाली, "मामा, प्रोग्राम बनवू का? गावाचं नाव पाठवलं का मशीनच उत्तर देईल."

"चाललं तं हंगामभर माह्या कचेरीत बस. नाई तं बाप म्हणते तशी लग्नाले उभी राह्य."

कॉलेजातल्या जुन्या पायथनमध्ये अनेक पर्यायांतून एक निवडणारा 'स्विच' नव्हता. मग पोरीनं 'जर'ची रांग लावली. जर हे गाव, तर हे नाटक. जर ते गाव, तर ते नाटक. सगळ्यात शेवटी 'नाहीतर या गावी नाटक नाही'. पण तो 'नाहीतर' बसला एकट्या शेवटच्या 'जर'च्या मांडीवर. शेवटचं गाव सोडून सगळ्यांना दोन-दोन उत्तरं गेली.

खैरटोल्याच्या डोमाभाऊंचा फोन आला. "काऊन श्रीहरीभाऊ, सकाळीच घेतली का? 'रविवारी नाटक आहे. या गावी नाटक नाही.' जावयांले बलावलं, कोंबडे कापाचे का सोडाचे?"

मामा हर्षाकडे वळला. "तुही मशीन तं निवडणुकीले उभी राहू शकते."

हर्षा तोंड पाडून समोरच्या पानठेल्यावर जाऊन बसली. तेवढ्यात एक पाहुणा गाडी थांबवून कुणाचंसं घर विचारू लागला. ठेलेवाल्या सुकरीबाईनं चुना मळता मळता हनुवटीनंच दाखवलं, "ते निळं दार." पाहुणा गेलासुद्धा.

हर्षा उठलीच. हा बाबा दारोदार कड्या वाजवत फिरला नाही. तिचा प्रोग्राम मात्र प्रत्येक दारावर थापा मारत होता, अन् शेवटच्या घरची बाई सगळ्या गावाच्या वतीनं हाकलून देत होती!

तिनं 'जर'ची अख्खी रांग उपटून फेकली. पायथनमध्ये डिक्शनरी असते. तिच्यात गावासमोर त्याचं नाटक मांडलं. नाव आलं की थेट तेवढंच उचलायचं. नावच नसेल, तेव्हाच 'नाटक नाही' म्हणायचं.

मामानं खैरटोला पाठवून पाहिलं. एकच उत्तर आलं, 'रविवारी नाटक आहे.' त्यानं पायानं खुर्ची तिच्याकडे सरकवली.

संध्याकाळी बापाचा फोन. "रविवारी तुले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले."

"कुठचे?"

"खैरटोल्याचे."

हर्षा खुर्चीत ऐसपैस टेकली. "बाबा, त्यायच्या गावी रविवारी नाटक आहे. नाटक सोडून मले पाहाले कोण येते?"

"कोणतं नाटक आहे व?"