पत्र्यावरच्या फोटोतला चाकू

हॅमिल्टनला आम्ही ज्या बेसमेंटमध्ये राहिलो, त्या घराचे मालक वर एकटेच असत. नव्वदीला टेकलेले. आम्ही आलो तेव्हा बायकोची हॉस्पिटलातली नोकरी नुकती लागली होती, आणि माझ्याकडे ना काम, ना क्रेडिट हिस्टरी. चार जणांनी जागा नाकारली होती. यांनी माझ्या तळहातांवरचे घट्टे बघितले आणि किल्ली हातात ठेवली. ते उपकार फिटायचे नाहीत. म्हणूनच हे लिहिताना जीव खालीवर होतो.

आमचं घर लोहाराचं. सातवीत शाळा सुटली ती वडिलांच्या भात्यापाशी बसण्यासाठी. वडील गिऱ्हाइकाच्या कोयत्यावर कधी खूण करत नसत. संध्याकाळी माणूस आला की ढिगातून बरोबर त्याचंच हत्यार काढून देत. "झीज बघ," म्हणायचे, "माणूस विसरेल, पण झीज विसरत नाही." इथे मी हॉटेलांच्या सुऱ्यांना धार लावणाऱ्या दुकानात लागलो तेव्हा तीच नजर कामाला आली.

मालकांकडे जुन्या फोटोंचा एक खोका होता. पश्चिमेकडच्या माळांवर जमीन कसायला गेलेली माणसं, लाकडी ओंडक्यांची खोपटं, कमरेला चाकू. रविवारी दुपारी ते मला वर बोलवत आणि विचारत, हा कसला? मी भिंग लावून सांगायचो. हा कातडं सोलायचा, पातं पोटाशी फुगलंय. हा खाटकाचा, घासून घासून निम्मा उरलाय. याची मूठ मागाहून बसवलीय, खिळे दोन जातींचे आहेत. ते सगळं वहीत उतरवून घेत. माझं बोलणं कुणी वहीत लिहून घेतंय, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"वर प्रोफेसर झालात म्हणे," बायको म्हणायची. "खाली आलात की तेवढा कचरा बाहेर ठेवा."

एका विंटरमध्ये ते बर्फावर पडले. त्यांची मुलगी ओकव्हिलला राहायची. तिनं त्यांच्यासाठी वृद्धाश्रमात खोली बघितली आणि घर आवरायला घेतलं. स्वयंपाकघरात एक जुना चाकू होता, शिंगाच्या मुठीचा. तो आजोबांचा, असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलं. आजोबांचा एकच फोटो होता, पातळ पत्र्यावर उमटवलेला. खोपटासमोर बसलेले, गुडघ्यावर आडवा चाकू.

"डॅड कुठल्या कुठल्या गराज सेलमधून जुन्या वस्तू आणतात, हाही तसलाच असेल," मुलगी म्हणाली.

"याला विचार," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा म्हणेल तसं." चाकू तोच असेल तर फोटोबरोबर नातीसाठी ठेवायचा, नसेल तर बाकीच्या सामानासोबत डोनेशनमध्ये द्यायचा, असं ठरलं.

मी भिंग घेतलं. लांबी जुळत होती. खिळे तीनच. मुठीच्या टोकाला टवका उडालेला, तोही होता. पण फोटोत टवका मुठीच्या उजव्या अंगाला, आणि हातातल्या चाकूला डाव्या. मी तीनदा उलटून पाहिलं.

"हा तो नाही."

"नक्की?"

इथे मी 'वाटत नाही' एवढंच म्हणायला हवं होतं. पण ती शिकलेली मुलगी समोर उभी होती आणि आज साक्ष माझी होती.

"हंड्रेड परसेंट," मी म्हणालो.

त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि चाकू स्वतःच्या हातानं डोनेशनच्या खोक्यात टाकला. मुलगी खोका गाडीत ठेवून घेऊन गेली.

उन्हाळ्यात बायकोनं मला सुट्टीच्या दिवशी एका छोट्या म्युझियममध्ये नेलं. तिथे तसाच पत्र्यावरचा एक फोटो होता. एक दुकान, दारात माणसं उभी, वर पाटी. पाटी मला वाचता येईना. नेहमीसारखी माझ्या इंग्रजीचीच बोंब, असं धरून मी तिला विचारलं.

ती बराच वेळ बघत राहिली. "अहो, तुमचं काही चुकत नाहीये. अक्षरंच उलटी आहेत."

तिथल्या बाई म्हणाल्या, पत्र्यावरचे फोटो असेच येत. आरशासारखे. डावं ते उजवं.

मला तो मुठीवरचा टवका आठवला.

हॅमिल्टन ते मिसिसागा, जुन्या वस्तूंची जेवढी दुकानं सापडली तेवढी मी पालथी घातली. सुऱ्यांचे डबे उपसले. तो चाकू मिळाला नाही.

"सांगू नका त्यांना," बायको म्हणाली. "आता सांगून काय मिळणार आहे? जाताना त्रास कशाला?"

ती बरोबर होती. तरी मी गेलो. ज्यांनी माझा शब्द वहीत लिहून घेतला, त्यांच्या वहीत खोटं राहू द्यायला मन होईना. मी त्यांच्या खोलीत खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, हातानं डावं-उजवं दाखवत.

ते खिडकीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी आजोबांच्याच चाकूनं सफरचंदं सोलली." त्यांना हसायचं होतं, ते जमलं नाही. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या मुलीला सांगू नकोस. तिनं स्वतः नेऊन दिलाय तो."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. चर्चबाहेर बर्फ पडत होता. मुलीनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, बाकी सगळे डॅडना बरं वाटेल ते बोलायचे, तू एकटा खरं बोललास.

मी थँक यू म्हणालो.