मागच्या दाराची खुंटी

आक्का गेली असा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. महिना होत आला तरी तो उतरलेला नाही... आणि ज्याच्यावर काढायचा ते माणूसच उरलेलं नाही.

आक्का म्हणजे शाहूपुरीतल्या एका खानावळीची मालकीण. तिच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी जयसिंगपूरहून माणसं यायची. मी तेव्हा, नव्वदच्या दशकात, कॉलेजात गृहविज्ञान शिकवायचे आणि सुट्टीत हॉटेलवाल्यांचे स्वच्छतेचे वर्ग घ्यायचे. हात धुवा, शिजलेलं झाकून ठेवा, आजारी माणसाला चुलीपाशी उभं करू नका. मालक मंडळी माना डोलवायची, चहा प्यायची आणि निघून जायची. "बाई, गिऱ्हाईक चवीला येतंय, आचाऱ्याची नखं बघाय न्हाय," असं एकानं मला तोंडावर सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! घरी येऊन मी भांडी आदळायचे.

आक्का तेवढी वर्ग संपल्यावर थांबली. "बाई, आजारी हाय म्हणून सांगंल कोण? खाडा पडला की पगार कापतोय की आम्ही." मग तिनं मागच्या दाराशी एक खुंटी ठोकली. ताप असो, जुलाब असोत, बोट कापलेलं असो, आपला अ‍ॅप्रन त्या खुंटीला अडकवायचा आणि घरी जायचं. कुणी काही विचारायचं नाही, पगार कापायचा नाही.

बाकीचे हॉटेलवाले हसले; आता धडधाकट माणसंही आजारी म्हणून पळतील, म्हणाले. आणि चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी, झालंही तसंच! दगडू आचारी सोडला तर सगळ्यांचे अ‍ॅप्रन खुंटीवर. मी संतापून म्हटलं, "हाकलून दे सगळ्यांना." आक्का पदर खोचून दगडूबरोबर चुलीपाशी राबली. दुसऱ्या दिवशी मंडळी हजर झाली, कानामागं गुलाल तसाच. आक्कानं कुणाला काही विचारलं नाही. जेवणाच्या वेळी मात्र त्यांच्यापुढं मऊ भात आणि ताक ठेवलं. "पोटं बिघडल्यात न्हवं? मटण सोसायचं न्हाय." शेजारी रस्सा रटरटत होता. त्यानंतर त्या खुंटीला खोटा अ‍ॅप्रन कधी लागला नाही.

अशी ही बाई. आणि तिलाच गेल्या वर्षापासून चार पावलं टाकली की धाप लागायची. पाय सुजायचे. डॉक्टरांनी दवाखान्यात दाखल व्हायला सांगितलं. मी भांडले, अबोला धरला, शेवटी म्हटलं, "आक्का, तुझा अ‍ॅप्रन काढ आणि अडकव खुंटीला."

"मालकिणीला कसली खुंटी वो बाई? आखाड तोंडावर आलाय. श्रावण लागू दे, गिऱ्हाईक कमी हुतंय. मग जातो की दवाखान्यात."

आखाडात अख्खं कोल्हापूर मटणावर तुटून पडतं, हे मलाही कळतं. पण दुसऱ्याचं कापलेलं बोट जिला दिसत होतं, तिला स्वतःचे सुजलेले पाय दिसू नयेत? नियम करायचा जगासाठी आणि आपण बाहेर राहायचं, हा कुठला शहाणपणा! श्रावण चार दिवसांवर असताना ती गल्ल्यावर बसल्या बसल्या गेली.

परवा खानावळीत गेले. श्रावणामुळं बाकडी रिकामी होती. मागच्या दाराशी खुंटीला एक अ‍ॅप्रन दिसला, हळदीचे डाग पडलेला. दगडू तांदूळ निवडत होता.

"आक्कांचा हाय," तो म्हणाला. "आम्हीच अडकवला. घरी गेल्यात असं धरतोय."

तुम्ही सगळे होतात, मग आधीच का नाही अडकवलात, असं ओरडून विचारावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलंही... पण आक्काच्या खानावळीत खुंटीवर अ‍ॅप्रन दिसला की कुणी काही विचारायचं नसतं.