मामांचा निर्दोष शाफ्ट

रत्नागिरीत दोषी शोधून काढणारी माणसे आळीआळीला होती. निर्दोषांचा शोध घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या पत्नीचा सख्खा मामा निघाला. मामांनी बावीस वर्षे मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत काढली होती. तिथे काही बिघडले की आधी काय बिघडलेले नाही ते ठरवायचे, ही त्यांना लागलेली शिस्त निवृत्तीनंतर थेट स्वयंपाकघरात शिरली. आमटी अळणी झाली तर इतर माणसे मीठ मागतात. मामा प्रथम भात चाखत, मग लोणचे, आणि आपली जीभ शाबूत असल्याची खात्री पटल्यावरच "दोष आमटीत आहे" असे जाहीर करीत. तोवर मामींनी मीठ वाढलेले असे आणि पानावरची आमटी गारही झालेली असे. मी हायस्कुलात गणित शिकवीत असल्यामुळे माझ्या खिशात खडूचा तुकडा हमखास सापडे. तो मागून घेऊन मामा तपासलेल्या वस्तूवर बरोबरची खूण करीत आणि न्यायाधीशाच्या स्वरात म्हणत, "हा सुटला. पुन्हा याच्याकडे बघायचं नाही." त्यांच्या घरी स्टोव्ह, शिलाईयंत्र, भिंतीवरचे घड्याळ अशा खुणा अंगावर बाळगून होते. एका स्थळाकडून पत्राचे उत्तर येईना, तेव्हा त्यांनी चौकशीअंती आमच्या पोस्टमनच्या पिशवीवरही खूण केली होती आणि तो बिचारा दिवसभर तशीच पिशवी घेऊन गावभर हिंडला होता.

या शिस्तीची खरी परीक्षा त्यांच्या मोटारसायकलीने घेतली. ही जुनी जर्मन गाडी त्यांनी बोट सोडताना मुंबईत विकत घेतली होती. साधारण मोटारसायकलीत इंजिनाची शक्ती साखळीवाटे मागच्या चाकापर्यंत जाते. या गाडीला साखळी नव्हती. तिथे एक पोलादी दांडा, म्हणजे शाफ्ट, उघड्यावर फिरत असे, अगदी बोटीच्या पंख्याला फिरवणाऱ्या शाफ्टसारखा. मामांचे प्रेम जडले ते त्यावरच. मामींचे मत निराळे होते. ऐंशी सालानंतरच्या एका वर्षात गाडी तीनदा टेम्पोत चढून घरी आली, तेव्हा मामींनी मामांकडून माझ्यादेखत शब्द घेतला, की चौथ्यांदा टेम्पोतून आली तर ती अंगणात उतरवायचीसुद्धा नाही. ती विकत मागणाऱ्या कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाकडे त्याच टेम्पोतून रवाना करायची. मामा शब्दाचे पक्के होते. त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढच्याच महिन्यात, एका शनिवारी दुपारी, मी त्यांच्यामागे बसून हातखंब्याहून परत येत होतो. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ चढावर 'कड्' असा आवाज झाला. इंजिन मोठमोठ्याने ओरडू लागले आणि गाडी मात्र हळूहळू थांबली. दोनच मिनिटांत मागून एक टेम्पो आला. तिन्ही वेळा गाडी घरी पोचवणारा टेम्पोवाला तोच. उतरताना त्याच्या हातात दोर होता.

"काय काका, चढवू काय?"

"हात लावू नकोस," मामा म्हणाले.

"बरं. मग मी मामींना सांगतो जाऊन, गाडी बसलीय म्हणून." आणि तो खरोखरच गेला.

आम्ही गाडी ढकलत वसाहतीतल्या एका लेथवाल्याच्या शेडपर्यंत नेली. तिथल्या मिस्त्रीने लांबूनच निदान केले. "क्लच गेला. नायतर गिअरबॉक्स. उघडायलाच लागंल, बगा." गिअरबॉक्स उघडला असता तर त्याचे सुटे भाग देशात मिळाले नसते, आणि गाडी घरी न्यायला टेम्पोखेरीज मार्ग उरला नसता.

मामांनी गाडी स्टँडवर घेतली, इंजिन हलके चालू ठेवून पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

"जावईबापू, काय फिरतंय?"

"शाफ्ट."

"आणि चाक?"

"जागच्या जागी."

"इंजिनापासून शाफ्टापर्यंत शक्ती पोचते, म्हणजे क्लच सुटला, गिअरबॉक्स सुटला, शाफ्टही सुटला. खडू द्या."

तीन खुणा झाल्या. मिस्त्री म्हणाला, "मग शाफ्ट जिथं शिरतो त्या मागच्या पेटीतले दाते तुटलं असतील."

"तुटले तर त्यांचा चुरा कुठे जाईल?" मामांनी इंजिन बंद केले, पेटीतले थोडे तेल माझ्या डब्याच्या झाकणात काढले आणि दोन बोटांत चोळले. तेल स्वच्छ होते. "पेटी सुटली." मला वाटते, झाकणावरही त्यांनी खूण केली असती, पण खडू तेलाने ओला झाला होता.

आता एकच जागा उरली होती: शाफ्टाची शक्ती चाकाला जिथे पकडते ते चाकाच्या तुंब्यातले, म्हणजे आसाभोवतीच्या मधल्या भागातले दाते. मामांनी आस काढला, चाक ओढले आणि आत पाहिले. दाते जुन्या खवणीसारखे झिजून गुळगुळीत झाले होते.

"हा दोषी," मामा इतक्या आनंदाने म्हणाले, की शेडमधले चार कामगार हातातले काम टाकून धावत आले.

उपाय बोटीवरचा होता. तुंब्याला फिरवणारा दातेरी तुकडा मामांनी पेटीवरून सोडवून चाकात बसवला, आणि दोघे जिथे भेटतात नेमक्या त्या सांध्यावर चार भोके पाडून घेतली, प्रत्येक भोक अर्धे एकात, अर्धे दुसऱ्यात. त्यांत पोलादी पिना ठोकल्या; झिजलेल्या दात्यांचे काम आता त्या करणार होत्या. मग चाक पुन्हा पेटीला जोडले. मिस्त्री बराच वेळ त्या पिनांकडे बघत राहिला आणि मग त्याने आपली पेन्सिल कानावरून काढून ती आकृती भिंतीवर उतरवून घेतली. माझ्या शिकवण्याला असा मान कधी मिळालेला नाही.

सायंकाळी आम्ही रत्नागिरीत शिरलो ते वाजतगाजत म्हणावे तसे. मामांनी मुद्दाम बाजारातून गाडी नेली, ओळखीच्या प्रत्येक दुकानासमोर हॉर्न दिला आणि घराचे फाटक मी उघडेपर्यंत इंजिन बंद केले नाही. टेम्पोवाला ओटीवर चहा पीत बसला होता. त्याने कप खाली ठेवला आणि उभे राहून खाडकन सॅल्यूट ठोकला. "काका, सलाम!"

"आली की नाही स्वतःच्या चाकावर?" मामांनी मामींना विचारले.

"गाडी आली ते दिसलं हो," मामी म्हणाल्या. "माणूस कुठे अडकलाय ते मला टेम्पोवाल्याकडून कळतं. बोट असती तर कंपनीची तार तरी आली असती. बावीस वर्षं बंदराकडे बघून काढली, आता नाक्याकडे बघत बसू?"

दुसऱ्या कोणत्याही तक्रारीला मामांनी विचारले असते: किती वाजल्यापासून बघत होतीस, घड्याळ बरोबर होते का, टेम्पोवाला नेमके काय म्हणाला. त्या दिवशी त्यांनी काहीच तपासले नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

मामी आत जाऊन तांब्या आणि साबण घेऊन आल्या. मामांनी काळे हात पुढे केले. तेल चिवट होते, निघेना. मामींनी दुसरा तांब्या आणला, मग तिसरा. मी पायांत चपला सरकवल्या आणि फाटक आवाज न करता ओढून घेतले. संधिप्रकाशात ती दोघे अजून तशीच उभी होती, आणि मामी अगदी सावकाश पाणी घालत होत्या.