पूजेत लावलेलं धनुष्य

कॉलेजच्या खेळाच्या सरांनी तिरंदाजीचा संघ करायचं ठरवलं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजकडे बाण होते, गवताचं निशाण होतं, पण धनुष्यं दोनच. सर म्हणाले, "ज्याला जमेल त्यानं स्वतःचं करून आणावं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निवड." तोवर सांगलीच्या त्या कॉलेजात हजेरीशिवाय माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. संघातल्या मुलांना निळा बनियन मिळणार होता. तो अंगावर आला की आपण खरोखर तिथले होऊ, असं मला वाटायचं. हे मी कुणाला बोललो नाही. घरी फक्त एवढंच सांगितलं, की लाकूड पाहिजे.

तिथून पुढं ते धनुष्य माझं राहिलं नाही.

सरांनी धामणीचं लाकूड सांगितलं होतं. ते वाकतं पण मोडत नाही. कुंडलजवळच्या आमच्या गावात बाभळी भरपूर, धामण नाही. ती मामांच्या गावाला, पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात होती. मी पावसात भिजत तिथं पोचलो, तर मामा म्हणाले, "आत्ता चांदणं हाय. अंधारा पंधरवडा लागू दे, मग तोडू. न्हाईतर भुंगा लागतो."

"मामा, मला धनुष्य करायचंय. घराचं आढं न्हाई."

"ते भुंग्याला काय ठावं?" मामा म्हणाले आणि मामीला चहा टाकायला सांगितलं.

मी तसाच परत आलो आणि अंधारा पंधरवडा लागल्यावर पुन्हा गेलो. मामांनी फांदी मात्र सरळ दिली, गाठ नसलेली. ती एस.टी.च्या टपावर टाकून आणली, मधोमध चिरून घेतली आणि सावलीत सुकायला माळ्यावर ठेवली. पुढच्या शनिवारी घरी येऊन बघतो तर आईनं त्यातलं एक लाकूड अंगणात दोन खुंट्यांवर आडवं टाकलेलं, आणि त्यावर ओली लुगडी.

"आई, ते सुकाय ठेवलं हुतं."

"मग ऊन तर लागतंय की."

उन्हानं त्याला उभी चीर गेली. उरलेल्या अर्ध्यावर मी काम धरलं. सालीकडची बाजू तासायची नाही, आतलीच थोडी थोडी उतरवत जायची. आधी तासणीनं, मग कानशीनं, शेवटी फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडून. धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या दोन बाजू, सारखे वाकतात का ते बघायला मधला भाग खुंटीवर अडकवून दोरी खाली ओढायची आणि लांबून बघायचं. हे नाजूक काम ओसरीवर चालायचं, त्यामुळं येणारा जाणारा प्रत्येक जण एकदा ओढून बघायचा. दादा स्वतःच बोलवायचे. दादा म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेले. "या, बघा ओढून," म्हणायचे. मी म्हणायचो, "दादा, अजून कच्चं हाय." ते म्हणायचे, "कच्चं असंल तर आत्ताच मोडू दे."

मोडलं नाही. अंबाडीच्या वाखाची दोरी वळून तिला मेण लावलं. नवरात्र बसलं तेव्हा धनुष्य तयार होतं, आणि मळ्याच्या बांधावरून सोडलेला बाण पलीकडच्या उसात जाऊन पडला. तो शोधताना पाचटानं हातपाय कापले, तरी मला फार बरं वाटलं. इतकं चांगलं काही मी आधी केलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला सगळी अवजारं धुऊन, हळदकुंकू लावून देवापुढं मांडतात, आणि दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, पंपाचा पाना, दादांची पलटणीतली सुरी, माझं पेन. सकाळी मी आंघोळ करून आलो तर ओळीत पहिलं धनुष्य. धुतलेलं, ओलं, आणि दोरी चढवलेली.

सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की काम झालं की दोरी उतरवायची; चढवून ठेवली की लाकूड वाक धरतं आणि जोर जातो.

"दादा, दोरी तेवढी उतरवतो."

"का?"

"लाकूड वाक धरतं. सरांनी सांगितलंय."

"बिनदोरीचं धनुष्य म्हंजी काठी. काठी लावतो व्हय आपण पूजेला? पलटणीत बंदूक कवा अर्धी मांडली न्हाई."

"आवं, बंदूक वाकत न्हाई."

"एका रातीनं काय हुतंय रं," आई आतून म्हणाली. "देवाम्होरं हाय. देव बघंल."

दोघं शेतावर गेल्यावर घरात कुणी नव्हतं. दोरी उतरवायला कितीसा वेळ लागतो. पण कुंकू लागलं होतं, आणि माझाही हात पुढं होईना. दादांपेक्षा जास्त राग मला त्याचाच आला.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं देऊन-घेऊन आल्यावर धनुष्य हातात मिळालं. दोरी काढली, तरी ते नमस्कार करावा तसं वाकूनच राहिलं.

निवडीला माझे पहिले बाण निशाणाच्या अलीकडंच जमिनीत रुतले. सरांनी धनुष्य मागून घेतलं. "दोरी चढवून ठेवली होतीस?"

"पूजेत होतं, सर."

सरांनी मुठीवरचं कुंकू पाहिलं. ते रागावतील, निदान ते तरी माझ्या बाजूनं रागावतील, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "पूजेत होतं म्हटल्यावर काय बोलणार. काल मला दवाखान्यात जायचं होतं, तर वडिलांनी मोटरसायकल हलवू दिली नाही."

मग बाण लांब जावा म्हणून मी निशाणाच्या मागच्या लिंबाच्या शेंड्यावर नेम धरला. असे सोडलेले शेवटचे दोन बाण कसेबसे गवताच्या कडेला लागले. सरांनी विचार केला आणि मला राखीव घेतलं. राखीव म्हणजे सरावाला यायचं, स्पर्धेला जायचं नाही. बनियन संघातल्यांनाच.

संध्याकाळी गावच्या स्टँडवर उतरलो तर दादा चार म्हाताऱ्यांबरोबर पारावर बसलेले.

"घेतलं का?"

"राखीव म्हणून," मी म्हणालो.

"घेतलं," दादांनी पाराला सांगितलं.

"राखीव म्हंजी काय वो हवालदार?" एकानं विचारलं.

"राखीव म्हंजी रिझर्व्ह. लढाईत ते शेवटाला उतरवत्यात. जिंकायला."

"दादा, तसं न्हाई. राखीव म्हंजी बाहेर बसायचं."

"व्हय व्हय, हुकूम येस्तवर बाहीरच बसायचं असतं." त्यांनी माझ्या खांद्यावरचं धनुष्य काढून घेतलं आणि म्हाताऱ्यांपुढं धरलं. "पूजेला लावलं म्हणून झालं हे. आता बघा, दोरी न्हाई, कुणी धरलेलं न्हाई, तरी आपलं आपण कसं वाकून राहिलंय. तयार झालंय लाकूड."

ते हातोहात फिरलं. प्रत्येकानं त्या वाकावरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मी पिशवी उचलली आणि घराकडं चालू लागलो. दादा मागं अजून सांगतच होते.