अर्ध्यावरचे झेंडे

फेरीबोटीतून उतरताच एल्सेबेत धक्क्यावरच थबकली. बेटावरच्या प्रत्येक अंगणातला झेंडा काठीच्या अर्ध्यावर होता. कुणी गेलं की झेंडे असे उतरतात आणि माती झाली की पुन्हा टोकाला चढतात, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तिचा आस्गर इथेच राहायचा. घर विकण्यावरून मायलेकांचं वाजलं, तेव्हा "पुन्हा तोंड दाखवू नकोस" असं ती फोनवर बोलून गेली होती. म्हातारीच्या जिभेला हाड नव्हतंच कधी. आणि आता रविवारपासून तो फोन उचलत नव्हता.

त्याचं घर चर्चच्या मागे होतं. पाय तिकडे वळेनात, म्हणून ती बंदरावरच्या खानावळीत शिरली. आत चिटपाखरू नव्हतं.

"सगळे मातीला गेलेत," वाढणारी बोदिल म्हणाली. "एकट्याच का, बाई? तळलेलं डुकराचं मांस आहे बघा, बटाटे आणि पार्सलीचा सॉस. तुम्ही काटा खाली ठेवेपर्यंत मी वाढत राहणार!"

कोण गेलं, एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं तर उत्तर मिळालं असतं. एल्सेबेत खात राहिली. कुरकुरीत काप संपले की बोदिल दुसरे आणी, आणि म्हातारी मान डोलावी. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिने तर मनात आस्गरची शवपेटीसुद्धा पाहून घेतली.

"भूक दांडगी हो तुमची! आमचे कोळीसुद्धा तिसऱ्या ताटाला हात जोडतात," बोदिल हसली.

तेवढ्यात खिडकीबाहेरचा झेंडा सरसर टोकाला चढला. माती झाली होती. आईला न कळवता कुणी लेकाला पुरत नाही! एल्सेबेतचा जीव भांड्यात पडला. तिने काटा खाली ठेवला, डोळे पुसले आणि धीर करून विचारलं, "कोण गेलं गं?"

"पेडर. फेरीबोटीवरचा म्हातारा. नव्वदीचा होता, सोनं झालं त्याचं. तुम्ही कुणाकडे आलात?"

"आस्गरकडे. मी त्याची आई."

"अगंबाई! मग तो कुठाय?" बोदिलने दाराकडे पाहिलं. "रविवारी आपली छोटी होडी घेऊन गेला ना तो. म्हणाला, आईची समजूत काढून येतो. आज मातीला दिसला नाही, तेव्हा आम्ही म्हटलं, आईने ठेवून घेतला असेल चार दिवस."

"माझ्याकडे आला नाही तो," एल्सेबेत म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

मातीहून परतलेली माणसं आत येऊ लागली होती. मोठ्याने बोलत, कॉफी मागत. बोदिलने हातातलं ताट तिथेच टेबलावर टाकलं.

"कोट काढू नका रे," ती ओरडली. "होड्या काढा."