मावशीच्या ताटात भाजी नव्हती

माझ्या आवाजाबद्दल मोखाड्यात अजून बोलतात. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. सूर्यमाळला ओरडले की जव्हारला साहेबांच्या टेबलावरची फाईल हलायची. खोटं वाटत असेल तर फाईलला विचारा.

मी नाशिकहून नवीनच आले होते. त्या आषाढात फर्मान काढलं: पोरांच्या खिचडीत रोज ताजी रानभाजी हवी. एका पाड्यावर खिचडी शिजवणारी मदतनीस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून मावशी, "हा म्याडम" म्हणाली आणि भाजी काही घातली नाही. तीनदा गेले, तीनदा ओरडले. तिसऱ्यांदा तर छपरावरची तिरकी कौलं घाबरून सरळ झाली. खिचडी मात्र पिवळीची पिवळीच. आणि मागच्या उतारावर भाजी अशी माजलेली, की शेळ्यासुद्धा कंटाळून पाठ फिरवून बसायच्या.

चौथ्यांदा नोटीस घेऊनच गेले. आदेश पाळत नाही, कामावरून कमी करावं. मावशी जेवायला बसली होती.

"सही करा."

तिनं हात धुतला, पदराला पुसला आणि एकेक अक्षर जुळवत सही करू लागली. रडणं नाही, गयावया नाही. आता बघायचं तरी कुठे? म्हणून मी तिच्या ताटात बघितलं. नागलीची भाकर, मीठ, मिरची. भाजीचं पानही नाही.

"मावशी, तुम्हीपण खात नाही?"

"नवी भाजी देवाला दावली नाय अजून. पयली देवाला, मंग आपुन. पूजा सोमवारी हाय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कवा? तुमी वरडत होत्या."

जन्मात पहिल्यांदा माझा आवाज बसला. तीन खेपांत मी तिला एकदाही 'का' म्हणून विचारलं नव्हतं, आणि तिची भाकर तोडणारा कागद पर्समध्ये घडी घालून घेऊन आले होते.

नोटीस ओढून घेतली, चुलीकडे वळले.

"थांबा म्याडम," मावशी म्हणाली, "सही बरी झालीय."

सहीपुरता तुकडा फाडून तिला दिला, बाकीची चुलीत.

सोमवारी पुन्हा गेले. पूजा झाली, खिचडी हिरवीगार. पोरांना वाढून झाल्यावर मावशीनं माझ्यापुढे ताट सरकवलं.

"खावा. आता काय वरडायचं त्या वरडा."

माझ्या तोंडात घास होता, म्हणून मावशी वाचली.